बॅटरी बदलण्याआधी मीटर लावा: जुन्या मोटारसायकलचं चार्जिंग घरच्या घरी

सेल्फ दाबला की नुसतं टक-टक वाजतं, हॉर्न बारीक झालेला असतो, सिग्नलला थांबलं की इंडिकेटर एकदा पेटून तसाच राहतो. दहा-पंधरा वर्षं चाललेल्या मोटारसायकलवर ही लक्षणं दिसली की निदान ठरलेलं असतं: बॅटरी गेली. नवी बॅटरी बसते, काही दिवस गाडी एका दाबात सुरू होते आणि मग पुन्हा टक-टक. मग कोणीतरी सांगतं, आरआर युनिट, म्हणजे विजेचा दाब आवरणारं रेग्युलेटर-रेक्टिफायर, बदला. तेही बदललं जातं. मग वीज तयार करणाऱ्या कॉइलची पाळी. पैसे तिन्ही वेळा जातात आणि शेवटी दोष निघतो तो एका काळवंडलेल्या कपलरमध्ये, म्हणजे वायरी जोडणाऱ्या प्लॅस्टिकच्या जोडामध्ये.

जुन्या गाडीच्या चार्जिंगमध्ये गूढ काही नाही. कॉइल, आरआर युनिट, बॅटरी आणि त्यांना जोडणाऱ्या वायरी, एवढाच पसारा. यातला प्रत्येक भाग साध्या मल्टिमीटरने घरी तपासता येतो, आणि बदलण्याचं कामही सोसायटीच्या पार्किंगमध्ये एखाद्या रविवारी होऊ शकतं. क्रम मात्र पाळायला हवा. आधी मोजायचं, मग खोलायचं, आणि पार्ट विकत घ्यायचा तो सगळ्यात शेवटी. बॅटरी या साखळीच्या टोकाला बसलेली असते. आधी कुठेही बिघडलं तरी मार तिलाच बसतो, म्हणून मेलेली बॅटरी पाहून तिलाच दोष देण्याची घाई करू नये.

वीज बनते कुठे, मुरते कुठे

इंजिनाच्या बाजूला, बहुतेक गाड्यांत डाव्या कव्हरखाली, क्रँकशाफ्टच्या टोकाला चुंबकांचं एक जड चाक असतं. मेकॅनिक त्याला मॅग्नेट म्हणतात. त्याच्या पोकळीत तांब्याच्या तारेचे वेढे घातलेली एक चकती स्थिर बसवलेली असते. ती कॉइल प्लेट, म्हणजेच स्टेटर. इंजिन फिरलं की चुंबक या वेढ्यांभोवती फिरतात आणि तारेत वीज तयार होते. ही वीज एसी, म्हणजे सतत दिशा बदलणारी, असते आणि इंजिनाचा वेग वाढेल तसा तिचा दाब चढत जातो. तीन वायरींची कॉइल कपलर काढून मोजली, तर आयडलिंगला साधारण १५ ते २० व्होल्ट दिसतात आणि ५,००० आरपीएमला ५० ते ७० व्होल्टपर्यंत आकडा जातो.

बॅटरीला एसी चालत नाही आणि ७० व्होल्ट तर अजिबात झेपत नाहीत. म्हणून मध्ये आरआर युनिट असतं, पाठीवर पंख्यांसारख्या पट्ट्या असलेला तो ॲल्युमिनियमचा ठोकळा. आतले डायोड वीज एकाच दिशेने जाऊ देतात, म्हणजे एसीचं डीसी करतात, आणि बाकीचं सर्किट दाब १३.८ ते १४.५ व्होल्टच्या आसपास आवरून धरतं. बॅटरी १२ व्होल्टची असताना १४ कशाला, असा प्रश्न पडणं साहजिक आहे. १२ व्होल्टच्या बॅटरीत सहा सेल असतात आणि भरलेला प्रत्येक सेल २.१ व्होल्टच्या आसपास असतो, म्हणजे एकूण १२.६. तिच्यात वीज परत ढकलायची तर ढकलणाऱ्याचा दाब तिच्यापेक्षा जास्तच हवा. पण सतत १५ च्या वर गेला, तर बॅटरीतलं पाणी वायू होऊन उडून जातं, प्लेटा उघड्या पडतात आणि बल्बही पटापट जातात.

इथे एक गोष्ट नीट समजून घेण्यासारखी आहे, कारण जुन्या गाड्यांच्या निम्म्याअधिक तक्रारींचा उलगडा तिच्यातून होतो. मोटारीच्या अल्टरनेटरमध्ये चुंबकच विजेवर चालतो. गरज कमी असली की त्याचा जोर कमी करता येतो. मोटारसायकलचा चुंबक कायमचा, त्याला बंद करायची सोयच नाही. गच्चीवरची टाकी भरली तरी पंप चालूच राहिला, तर जास्तीचं पाणी ओव्हरफ्लोच्या पाइपातून सोडून द्यावं लागतं. आपल्या जुन्या गाड्यांतलं साधं आरआर युनिट नेमकं हेच करतं. बॅटरी भरली की ते कॉइलच्या वायरी आतल्या आत शॉर्ट करून जास्तीची वीज परत कॉइलमध्येच फिरवतं. म्हणजे हेडलाइट चालू असो वा बंद, कॉइल तितकीच राबते आणि तितकीच तापते. हेडलाइट बंद ठेवून कॉइलला विश्रांती मिळते हा समज यामुळेच चुकीचा आहे. हॅलोजन काढून एलईडी लावला की चार्जिंगवरचा ताण गेला, हाही तसाच अर्धवट समज. बॅटरीला फायदा होतो हे खरं, पण न वापरलेली वीज शॉर्ट करण्याचं काम आरआर युनिटवर उलट वाढतं. अलीकडे सिरीज पद्धतीची युनिट मिळतात, ती शॉर्ट न करता कॉइलची वाटच तेवढ्यापुरती तोडतात, त्यामुळे कॉइल थंड राहते. महाग असतात, पण मोठ्या कॉइलच्या गाडीत पैसे वसूल होतात असं माझं मत आहे.

आता तुमची गाडी कोणत्या घराण्यातली आहे ते ओळखा. रात्री हेडलाइट लावून गाडी आयडलिंगला ठेवा आणि हलकी रेस करा. रेसबरोबर उजेड ठळकपणे वाढत असेल, तर हेडलाइट थेट कॉइलच्या एसीवर चालतो. जुन्या स्प्लेंडरसारख्या कम्युटर गाड्यांची हीच रचना. तिथे बॅटरीवर हॉर्न, इंडिकेटर, ब्रेकलाइट एवढंच असतं आणि गाडी किकने बॅटरीशिवायही सुरू होते. उजेड जवळपास स्थिर राहत असेल, तर सगळं डीसीवर आहे आणि कॉइलमधून बहुधा एकाच रंगाच्या, अनेकदा पिवळ्या, तीन वायरी बाहेर येतात. हा फरक पुढे चाचणीत फार महत्त्वाचा ठरणार आहे. जुन्या बुलेटवाल्यांना आणखी एक सोय असते. हेडलाइटच्या डोक्यावरचा तो छोटा अँपिअर मीटर शोभेचा नाही. बॅटरीत वीज चालली आहे की तिच्यातून निघते आहे, हे त्याची सुई सांगते. रेस केल्यावरही सुई ऋण बाजूलाच पडून राहत असेल तर चार्जिंग होत नाही, एवढं मल्टिमीटर न काढताही कळतं.

मुंबई या गाड्यांना का छळते

हिशेब साधा आहे. हॅलोजन हेडलाइट ६० वॅटचा धरला तर तो एकटाच ५ अँपिअर खातो. त्यात ब्रेकलाइटचे २१ वॅट, इंडिकेटरच्या दोन बल्बांचे १०-१०, मागचा छोटा दिवा ५ वॅटचा. सगळं एकदम चालू असलं की आकडा १०० वॅटच्या पुढे, म्हणजे आठेक अँपिअर. साकीनाक्याला किंवा सायनच्या पुलाखाली ब्रेकवर पाय ठेवून, इंडिकेटर लावून, आयडलिंगवर उभं राहिलं की कॉइलची कमाई या खर्चाला पुरत नाही. फरक बॅटरी भरून काढते. हायवेवर तासभर धावणारी गाडी तो खड्डा बुजवते. घर ते स्टेशन एवढंच फिरणारी आणि प्रत्येक वेळी सेल्फ मारणारी गाडी तो खड्डा रोज थोडा खोल करते. अशा गाडीत एकही पार्ट खराब नसताना बॅटरी अर्धी राहू शकते. त्यावर उपाय पार्ट बदलण्याचा नाही. पहिल्या स्टार्टला किक वापरायची आणि महिन्यातून एकदा बॅटरी चार्जरवर लावायची.

दुसरा शत्रू हवा. समुद्राजवळची खारी दमट हवा तांब्याच्या पिना हिरव्या करते. आणि पावसात हिंदमाता, मिलन सबवे, अंधेरी सबवे अशा ठिकाणच्या गुडघाभर पाण्यातून गाडी काढली, तर सीटखालचे आणि इंजिनामागचे कपलर गढूळ पाण्यात भिजतात. पाणी ओसरतं, माती आणि क्षार पिनांवर राहतात. या शहरात वायरिंगवर आधी संशय घ्यावा आणि पार्टवर नंतर, असं मी आग्रहाने सांगतो ते यासाठी.

मोजमाप

ग्रँट रोड स्टेशनाजवळ लॅमिंग्टन रोडला हजार रुपयांच्या आत कामापुरता चांगला डिजिटल मल्टिमीटर मिळतो. डीसी व्होल्ट, एसी व्होल्ट, ओहम आणि डायोड ही चार ठिकाणं त्यावर असली की झालं.

पहिलं माप सकाळी, गाडी रात्रभर उभी राहिल्यावर. मीटर डीसी व्होल्टवर ठेवून बॅटरीच्या दोन टोकांना लावा. १२.६ ते १२.८ म्हणजे भरलेली. १२.४ म्हणजे पाऊण. १२ च्या खाली म्हणजे जवळपास रिकामी. १०.५ च्या आसपास अडकून चार्ज करूनही वर येत नसेल, तर एक सेल मेला आहे आणि ती बॅटरी खरोखरच बदलायची आहे. मीटर तसाच लावून ठेवून सेल्फ मारा. आकडा क्षणभर खाली जाईलच, पण भरलेली बॅटरी ९.५ च्या खाली जात असेल तर ती आतून थकली आहे. इथे बॅटरी बाहेरच्या चार्जरवर पूर्ण भरून घ्या आणि मगच पुढे जा, कारण रिकाम्या बॅटरीवर घेतलेली पुढची मापं फसवतात. चार्जरचा करंट बॅटरीच्या अँपिअर-अवरच्या साधारण एक दशांश ठेवायचा. ९ अँपिअर-अवरची असेल तर एक अँपिअरच्या आतबाहेर. खोली हवेशीर हवी आणि जवळ उदबत्ती-निरांजन नको, चार्ज होताना हायड्रोजन निघतो.

दुसरं माप इंजिन चालू ठेवून. मीटर बॅटरीवरच. हेडलाइट लावा, आयडलिंगचा आकडा बघा, मग हळूहळू रेस वाढवा. १३.८ ते १४.५ च्या दरम्यान जाऊन तिथेच थांबला तर चार्जिंग ठीक आहे आणि तुमचा दोष दुसरीकडे आहे. १५ च्या वर चढत गेला तर आरआर युनिट दाब आवरत नाही, किंवा त्याचं अर्थिंग सुटलं आहे. रेस करूनही १२.५ च्या आसपास किंवा त्याखाली राहिला तर वीज पोहोचतच नाही. आणि १३ - १३.३ वर घुटमळला, तर हा सगळ्यात फसवा निकाल. वीज येते आहे, पण वाटेत गळते आहे.

या गळतीवर जरा थांबू या, कारण गॅरेजच्या घाईत हे माप कोणी घेत नाही. समजा कपलरची एक पिन सैल किंवा हिरवी झाली आणि तिथे ०.१ ओहमचा अडथळा तयार झाला. साध्या मीटरला तो दिसणारही नाही. पण त्यातून १० अँपिअर वाहिले की १ व्होल्ट तिथेच खर्च होतो. आरआर युनिट स्वतःच्या तोंडाशी १४.२ मोजून समाधानी असतं आणि बॅटरीला मिळतात १३.२. शिवाय त्या एका पिनेवर १० वॅटची उष्णता तयार होते. अंगठ्याएवढ्या प्लॅस्टिकच्या कपलरमध्ये १० वॅट सतत! पिन तापते, तापल्याने तिची पकड आणखी ढिली होते, अडथळा वाढतो, उष्णता वाढते. प्लॅस्टिक तपकिरी पडून वितळतं ते या चक्रामुळे. आणि शॉर्ट करणाऱ्या युनिटमुळे कॉइलच्या तीन वायरींतून सतत पूर्ण करंट फिरत असतो हे लक्षात ठेवलं, तर सगळ्यात आधी तोच कपलर का जळतो हेही कळेल.

हे मोजायचं असं. इंजिन चालू, हेडलाइट चालू, रेस थोडी वर. मीटर डीसी व्होल्टवर. मीटरची एक पिन आरआर युनिटच्या पॉझिटिव्ह वायरीत, कपलरच्या मागच्या बाजूने बारीक टाचणी सरकवून. दुसरी पिन बॅटरीच्या पॉझिटिव्हवर. दोन्ही टोकं एकाच वायरीची, त्यामुळे आकडा शून्याजवळ यायला हवा. ०.२ पर्यंत चालेल. ०.५ किंवा जास्त आला तर मधल्या वायरीत, कपलरमध्ये किंवा फ्यूजच्या खाचेत दोष आहे. मग तेच माप युनिटच्या अर्थपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत घ्या. रंगवलेल्या चासीवर युनिट बसवलेलं असलं की अर्थिंगची बोंब इथे उघडी पडते. टाचणी सरकवताना ती शेजारच्या पिनेला किंवा चासीला टेकू देऊ नका.

वाट साफ निघाली तरच कॉइलकडे जायचं. इंजिन बंद करून कॉइलचा कपलर सोडवा. तीन वायरींच्या गाडीत मीटर एसी व्होल्टवर ठेवून इंजिन सुरू करा आणि वायरी दोन-दोन करून मोजा: पहिली-दुसरी, दुसरी-तिसरी, पहिली-तिसरी. तिन्ही आकडे जवळपास सारखे आले आणि रेसबरोबर सारखेच चढले तर कॉइल बरी. एक जोडी मागे पडली तर कॉइल जळली आहे. या वेळी वायरींच्या उघड्या टोकांना हात लावू नका, ५०-७० व्होल्टचा झटका चांगलाच बसतो. मग इंजिन बंद करून ओहमवर ठेवा आणि प्रत्येक वायर ते इंजिनाची बॉडी असं तपासा. इथे काहीही जोड दिसता कामा नये. दिसला तर वेढ्यांचं इन्सुलेशन जळून तार लोखंडाला टेकली आहे.

पण स्प्लेंडरसारख्या एसी हेडलाइटच्या गाड्यांत हा नियम लागू नाही. तिथे कॉइलचं एक टोक मुद्दामच अर्थ केलेलं असतं, त्यामुळे बॉडीशी जोड दिसणारच. तीन वायरींचा नियम तिथे लावून चांगल्या कॉइली भंगारात गेल्या आहेत. त्या गाड्यांत चार्जिंगची आणि लाइटची अशा दोन वायरी वेगवेगळ्या तपासायच्या, प्रत्येक वायर ते अर्थ, आणि दोन्हींचा आकडा रेसबरोबर चढतो का तेवढं बघायचं. होंडाच्या वळणाच्या गाड्यांत पांढरी चार्जिंगची, पिवळी लाइटची आणि हिरवी अर्थची, अशी ओळख बहुधा पटते.

कॉइलच्या वायरींमधला ओहमचा आकडा मात्र फार मनावर घेऊ नका. तो ०.१ ते १ ओहम एवढा लहान असतो आणि मीटरच्या स्वतःच्या वायरीच ०.२ - ०.३ दाखवतात. चालू इंजिनावरचं एसी माप जास्त खरं बोलतं. तेही एकदा गाडी अर्धा तास चालवून, गरम असताना घ्या. काही कॉइली थंड असताना निर्दोष दिसतात आणि तारेवरचं वार्निश तापल्यावर शॉर्ट होतात. ‘सकाळी ठीक, संध्याकाळी बंद’ ही तक्रार तिथली.

वायरिंग बरं, कॉइल बरी, तरी बॅटरीवर आकडा चुकतो, तर उरलं आरआर युनिट. खात्रीसाठी ते सुटं करून मीटर डायोडवर ठेवा आणि कॉइलच्या प्रत्येक पिनेपासून पॉझिटिव्हपर्यंत मोजा. एका दिशेने ०.४ ते ०.६ च्या आसपास आणि उलट दिशेने काहीच नाही, असं यायला हवं. दोन्हीकडून शून्य म्हणजे डायोड शॉर्ट, दोन्हीकडून काहीच नाही म्हणजे उघडा. या चाचणीत नापास झालेलं युनिट नक्की खराब असतं. पास झालेलं मात्र दाब आवरण्यात चुकू शकतं, त्याचा निकाल चालू इंजिनावरच लागतो.

एक चाचणी मात्र कधीही करू नका: इंजिन चालू असताना बॅटरीची वायर काढून गाडी बंद पडते का हे बघायची. बॅटरी मध्ये नसली की दाब एकदम उसळतो आणि बल्बपासून सीडीआयपर्यंत, म्हणजे इग्निशनच्या इलेक्ट्रॉनिक युनिटपर्यंत, काहीही जाऊ शकतं.

बदलताना

पार्ट घ्यायला जाताना जुना पार्ट हातात असावा. ऑपेरा हाउसच्या स्पेअर पार्टच्या दुकानांत चालू मॉडेलचं सगळं मिळतं, कुर्ला-कालिन्याच्या सीएसटी रोडला जुनंपानं. पिनांची संख्या, वायरींचे रंग आणि पार्ट नंबर जुळवून घ्या. आरआर युनिटची नक्कल ओळखणं कठीण असतं, तरी हातात हलकी लागणारी, पट्ट्या कमी असलेली, बिल द्यायला नकार मिळणारी वस्तू सोडून द्या. कॉइल मिळेनाशी झाली असेल तर रिवाइंडिंग, म्हणजे जुन्या कॉइलवर नवी तार गुंडाळून घेणं, हा कमीपणाचा पर्याय नाही. करणाऱ्याला एवढंच विचारा की तार १८० अंश सोसणारी, म्हणजे एच क्लासची आहे का. गरम तेलात आणि सतत करंटखाली राहणारी कॉइल साध्या तारेवर टिकत नाही.

कोणत्याही कामाआधी बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी सोडवायची आणि जोडताना ती शेवटी. पॉझिटिव्ह सोडवताना पाना चासीला टेकला, तरी निगेटिव्ह सुटलेली असल्याने ठिणगी पडत नाही.

आरआर युनिट बदलणं म्हणजे दोन बोल्ट आणि एक कपलर. पण ते ज्या पत्र्यावर बसतं तो पत्रा घासून स्वच्छ करा. युनिटची उष्णता त्यातूनच जाते आणि बऱ्याच गाड्यांत अर्थही. कपलर थोडाही तपकिरी असेल तर नव्या युनिटला तो जोडू नका, नाहीतर जळकी पिन नवी पिनही जाळते. लोहार चाळीत किंवा लॅमिंग्टन रोडला तेवढ्याच करंटचा नवा कपलर, पिना आणि हीट श्रिंक स्लीव्ह (तापवल्यावर आकसून तारेवर घट्ट बसणारी नळी) मिळतात. तार काळी पडली असेल तिथपर्यंत कापा, चकचकीत तांबं दिसेपर्यंत. पिन चांगल्या क्रिम्पिंगच्या पकडीने दाबा. साध्या पकडीने चेपलेली पिन वर्षभरात पुन्हा ढिली होते. बरेच जण कपलर फेकून तिन्ही वायरी थेट सोल्डर करतात. जळण्याचा दोष त्याने जातो हे मान्य. तरी मला ते पसंत नाही, कारण पुढच्या वेळी कॉइल आणि युनिट वेगळं तपासायचं तर वायर पुन्हा कापावी लागते.

कॉइलचं काम मोठं आहे आणि ते पावसाळ्यात उघड्यावर करू नये. स्टिल्ट पार्किंगची कोरडी जागा, खाली पुठ्ठा, चांगला दिवा. जमिनीवर तेलाचा डाग पडू दिला नाहीत तर पुढच्या वेळी सेक्रेटरींची परवानगी सहज मिळेल. गाडी मधल्या स्टँडवर सरळ उभी करा. कॉइल तेलात बुडालेली असेल तर आधी इंजिन ऑइल काढा. ते गटारात ओतू नका, डब्यात भरून गॅरेजला द्या, तिथून ते गोळा होतं. गिअरचा पाय आणि चेनचं छोटं कव्हर काढल्यावर डावं कव्हर मोकळं होतं. त्याचे बोल्ट वेगवेगळ्या लांबीचे असतात. पुठ्ठ्यावर कव्हरचा आकार काढून प्रत्येक बोल्ट आपल्या जागी खोचून ठेवा. लांब बोल्ट आखूड भोकात आवळला तर इंजिनाचा आटा जातो आणि तिथून खर्च भलतीकडे वळतो.

कॉइल कव्हरमध्ये बसवलेली असेल तर चुंबक तिला धरून ठेवतो. कव्हर चिकटून बसतं आणि मग झटक्यात सुटतं. बोटं कडेला ठेवा, स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटू नका. कडा खरवडली की तेल गळायला लागतं. रबरी किंवा लाकडी हातोडीने कडेकडेने हलके ठोके पुरतात. कव्हरमधल्या गाइड पिना पडल्या तर शोधून जपून ठेवा. काही गाड्यांत कॉइल मॅग्नेटच्या मागे, इंजिनावर असते. तिथे मॅग्नेट काढल्याशिवाय गत्यंतर नाही, आणि त्यासाठी त्या मॉडेलचा पुलर, म्हणजे मॅग्नेट ओढून काढायचं हत्यारच, हवा. मॅग्नेटवर हातोडा मारला तर चुंबक तडकतात, क्रँकशाफ्टचं टोक वाकतं. पुलर नसेल तर हे एवढं काम मेकॅनिककडून करून घेण्यात काहीच गैर नाही. मॅग्नेट निघाला की शाफ्टवरची अर्धगोल चावी सांभाळा. ती नीट न बसवता मॅग्नेट चढवला तर इग्निशनचं टायमिंगच चुकतं.

जुनी कॉइल काढण्याआधी वायर कुठून कशी वळते याचा फोटो घ्या. नवी बसवताना बोल्टांना थ्रेडलॉकरचा, म्हणजे बोल्ट सैल होऊ न देणाऱ्या द्रवाचा, एक थेंब लावा. आत सुटलेला बोल्ट फिरत्या मॅग्नेटमध्ये गेला तर सगळंच संपतं. वायर पट्टीखालून पूर्वीसारखीच न्या, मॅग्नेटला घासायला नको. वायर बाहेर पडते तिथला रबरी ग्रोमेट कडक झाला असेल तर त्याच्या खाचेत सिलिकॉन सीलंटचा पातळ थर द्या. नवं पॅकिंग घाला, जुन्याचे तुकडे प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडा. आणि बंद करण्याआधी मॅग्नेटवर कापड फिरवून बघा. लोखंडाचा कीस, वॉशर, एखादा सुटा स्क्रू, चुंबक सगळं ओढून घेतो. बोल्ट आडवे-तिडवे, थोडे-थोडे आवळत जा. ६ मिलिमीटरच्या या बोल्टांना १० न्यूटन-मीटरच्या आसपास ताण पुरतो, पूर्ण जोर लावायची गरज नसते. तेल नव्याने भरल्याशिवाय गाडी सुरू करू नका.

बॅटरीबद्दल फार सांगण्यासारखं नाही. मूळ आकाराची आणि अँपिअर-अवरची घ्या, जागेत मावते म्हणून मोठी नको. बसवण्याआधी ती चार्जरवर पूर्ण भरून घ्या. पाण्याच्या बॅटरीत फक्त डिस्टिल्ड वॉटर. टोकांना पेट्रोलियम जेलीचा हात. जुनी बॅटरी दुकानदाराला परत द्या. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनी ती पुन्हा गोळा करून शिसं परत मिळवण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे, आणि दुकानात तिचे पैसेही वजा करून मिळतात.

काम झाल्यावर तीच मापं पुन्हा घ्या: बॅटरीचा उभा आकडा, रेसवरचा आकडा आणि दोन्ही वायरींवरची गळती. गाडी अर्धा तास फिरवून आल्यावर कपलरांना हात लावून बघा. कोमट चालेल, बोट टेकवत नसेल तर तिथली पिन अजून नीट बसलेली नाही. आणि बॅटरीवर १४.२ दिसत असूनही सेल्फ टक-टकच करत असेल, तर चार्जिंगचा नाद सोडून सेल्फचा रिले आणि इंजिनाची जाड अर्थ केबल तपासायला घ्या.